झाकणावरचा अंगठा

"ह्या ट्यूबमध्ये जीवच राहिला नाही. मेल्या माशाच्या डोळ्यासारखा उजेड. ह्यात काय कप्पाळ रंग निघणार!"

दादा अगदी माझ्या कानाशी पुटपुटले, पण ते मला उद्देशून नव्हतं. सुनेशी थेट बोलायची माझ्या सासऱ्यांना सवय नव्हती. ते ट्यूबशी बोलायचे, थिनरशी बोलायचे, रंगाच्या बाटल्यांना शिव्या घालायचे, आणि मी जवळपास असले तर त्यातलं माझ्या वाटणीचं मी उचलून घ्यायचं. मी तेव्हा खाली बसून डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. उठले, नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, "अहो, दादा म्हणतात ट्यूब बदला."

शशी स्टुलावर चढला. दोन महिन्यांतली ती तिसरी ट्यूब. उतरवलेल्या दोन आमच्या घरी लखलखीत जळत होत्या, एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीत. इलेक्ट्रिकच्या दुकानदारानं मागच्या खेपेला विचारलंसुद्धा होतं, "वहिनी, ट्यूब खाता की काय?"

तिसरीही लागली. दादांनी वर पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हीपण तसलीच."

शशी उतरवलेली ट्यूब कागदात गुंडाळू लागला. आमच्याकडे त्या दिवसांत न बोलण्याचं काम फार मन लावून चाललं होतं.

सांगली-मिरज रस्त्याला आमचं गाड्या रंगवायचं दुकान. पोचे काढायचे हणमंत मेस्त्री, लांबीनं खळगे बुजवून गननं रंग मारायचा शशी, आणि रंग काढायचे दादा. रंग काढणं म्हणजे काय, तर गाडीला कुठं खरचटलं की तेवढ्याच जागेला बरोबर त्या गाडीचा रंग जुळवून द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. दाराच्या कडेला कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर रंगाचा नंबर असतो, नंबरावरून रंग मिळतो. पण दादा स्टिकरवर थुंकायचे. म्हणायचे, "स्टिकर बघून रंग देणारे पायलीचे पन्नास. गाडी कारखान्यातनं निघाली तेव्हा कशी होती ते सांगतो स्टिकर. ती उन्हातान्हात फिरून आज कशी झाली, ते बघाय डोळा लागतो."

तो डोळा त्यांच्याकडे होता. जयसिंगपूर, तासगावहून लोक गाडी घेऊन यायचे. दादा बाटल्यांतून थेंब थेंब टाकत, ढवळत, पट्टीवर ओढत, पट्टी उन्हात धरून एकदा समोरून बघत, एकदा तिरके होऊन बघत. जमलं की डब्यात अंगठा बुडवून झाकणावर दाबत. तो अंगठा म्हणजे रंग पास. त्याशिवाय डबा शशीच्या गनपर्यंत जायचा नाही, अशी आमच्या दुकानाची रीतच होती. काम झालं तरी डबा टाकायचा नाही. मागच्या कपाटात त्या अंगठ्यांची रांगच्या रांग होती.

मी दुकानात आले ती चहा आणि चिठ्ठ्यांसाठी. शिक्षण नववी. पण दुपारी निवांत असले की मी ती झाकणं काढून बघत बसायची. नुसत्या पांढऱ्याच्या एकवीस तऱ्हा! मला नंबर लक्षात राहायचे नाहीत, म्हणून मी माझी नावं ठेवली. ताकाचा पांढरा. साबुदाण्याचा पांढरा. शिळ्या भाताचा पांढरा. मग एका वहीत लिहू लागले, की ताकाच्या पांढऱ्यात काळ्याचे इतके थेंब, पिवळ्याचा इतका. दादांचा हात बघून बघून लिहिलं. त्यांनी शिकवलं नाही, मी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला रंगाची बाटली हातात धरलेली पाहिली. त्या दिवशी मात्र थेट माझ्याशी बोलले.

"ठेव खाली. बाईमाणसाच्या हाताला हळद असते. रंग नासतो. परत ह्या कपाटाला हात लावलास तर दुकानाची पायरी चढायची नाही. घरी चूल आहे, तिच्याम्होरं बस."

आमच्या घरी तेव्हा गॅस येऊन दहा वर्षं झाली होती. पण चूल म्हणजे काय ते मला कळलं. अख्ख्या जगात एवढी एकच जागा होती जिथं मला काहीतरी येत होतं, आणि तिची किल्ली त्यांच्या कनवटीला होती.

त्यानंतर महिन्याभरात हायस्कूलच्या हेडमास्तरांची पांढरी गाडी परत आली. सगळी गाडी पांढरी आणि रंगवलेलं एक दार तंबाखू खाणाऱ्याच्या दातासारखं. दादा म्हणाले थिनर भेसळीचं आहे. मग एक टॅक्सीवाला आला, तो तर दारातूनच ओरडत आला. दादा म्हणाले ट्यूब. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळदीचे हात सगळीकडं लागाय लागले की असंच व्हायचं."

तेव्हापासून मी दुकानात येताना तीनदा साबणानं हात धुऊन येत होते. आणि तेव्हापासूनच, दादा दुपारी जेवून मागच्या बाकड्यावर आडवे झाले की मी डबा उघडत होते. अंगठा पडलेला, पास झालेला डबा. पट्टी ओढायची, गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाशी लावायची. पिवळं जास्त असायचं. दर वेळी पिवळंच. मग निळ्याचे दोन थेंब, कधी जांभळ्याचा एक, ढवळायचं, आणि दादांचा अंगठा असलेलं तेच झाकण परत दाबून बसवायचं.

शशीला माहीत होतं. त्याने एकदा पाहिलं, आणि गनचा पाइप झटकत बाहेर जाऊन उभा राहिला. हणमंत मेस्त्रींना माहीत होतं. मी डबा उघडला की ते उगाच जोरात ठोकायला लागायचे, झाकण निघाल्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. तिघांनी मिळून एक गोष्ट उचलून धरली होती आणि तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

शेडबाळे वकीलबाई आल्या त्या एप्रिलातल्या गुरुवारी. गाडीचा रंग मी कधी न पाहिलेला. हिरवट, सोनेरी, कशातच न बसणारा. मी मनात म्हटलं, वेलची. साल वाळलेली, जरा जुनी वेलची. गाडीचा मागचा बंपर मात्र कोपऱ्यात चांगला हातभर सोलवटून निघाला होता.

"कोर्टाच्या फाटकाचा खांब," बाई म्हणाल्या. "मी मागे घेत होते. तो खांब चाळीस वर्षं तिथंच आहे, हे मला आमच्या बाररूममध्ये अकरा जणांनी सांगून झालंय. 'वकीलबाई, खांबाला नोटीस काढा' म्हणे. मला ही गाडी अशी करून द्या की सोमवारी त्यातल्या एकाला जागा दाखवता येऊ नये."

"दिसणार नाही," दादा म्हणाले. "पैज."

"पैज लावू नका. मी हरले की वाईट वागते." बाईंनी पुढच्या दाराच्या कडेला बोट ठेवलं. "आणि इथं खडीचे दोन टवके उडालेत. ह्यासाठी गाडी अडकवू नका. थोडा रंग बाटलीत द्या, मी घरी लावीन."

"देतो की. ब्रश एकदाच टेकवायचा. घासत बसायचं नाही."

दादांनी मला चहाला पिटाळलं. मी कोपऱ्यावरून चहा सांगून, थांबून, घेऊन आले तोवर रंग निघालाही होता, झाकणावर अंगठा पडलाही होता आणि बाई रिक्षात बसून गेल्याही होत्या. झाकणावर तो अंगठा ओला चमकत होता. मला दुरूनच दिसलं. वेलची नव्हती ती. हिंग होता.

दुपारी दादा झोपले. मेस्त्री ठोकायला लागले. मी डबा उघडला. त्या दिवशी निळ्याचे चार थेंब पडले, जांभळ्याचा एक, आणि रुपेरी चिमूटभर. पट्टी पेट्रोलच्या झाकणाशी धरली तेव्हा सांध सापडेना. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की ती पट्टी पदराला पुसायचीच काय ती बाकी राहिली.

शशीनं बंपर मारला. शनिवारी बाई गाडी घेऊन गेल्या. जाताना बंपरवरून हात फिरवून म्हणाल्या, "खांबसुद्धा ओळखणार नाही." दादांनी मान तुकवली. मी डब्यांना चिठ्ठ्या लावत होते.

सोमवारी भर दुपारी गाडी दारात येऊन अशी थांबली की मेस्त्रींचा हातोडा हवेतच राहिला.

"मालक कुठायत?" वकीलबाई अंगावर कोर्टाचा काळा कोट घालूनच उतरल्या होत्या. "बोलवा त्यांना. बाहेर बोलवा. उन्हात."

दादा आले. शशी आला. मीही आले, कारण मला बोलावलं नाही तरी मला जाणं भाग होतं. बाईंनी दाराच्या कडेकडे बोट केलं. दोन टवक्यांवर दोन ठिपके होते. नवरीला हळद लावून ठेवावी तसे.

"काल घरी बसून लावले मी. तुम्ही सांगितलं तसे, ब्रश एकदाच टेकवून. सकाळी कोर्टात गेले. पहिलाच प्रश्न काय आला सांगू? 'बाई, गाडीला कांजिण्या आल्यात का?' खांबावर बोललेले अकरा जण होते. कांजिण्यांवर सगळी बाररूम बोलली."

शशी घाईघाईनं म्हणाला, "बाई, बाटलीतला रंग कधीकधी बसतो. हलवली नसेल…"

"हलवली. तुम्ही गप्प राहा, मी ह्यांना विचारतेय." त्या दादांसमोर उभ्या राहिल्या. "बंपर उत्तम झालाय. ठिपके पिवळे झालेत. एकच गाडी, एकच दुकान, एकच दिवस. रंग कुणी काढला?"

"मी."

"बाटली कुणी भरली?"

"मीच. तुमच्यासमोर."

"कुठल्या डब्यातून?"

"त्याच. शशी, डबा आण."

बाटली! मी चहाला गेले होते तेवढ्यात त्यांनी बाटली भरून दिली होती. मी दुरुस्त केला तो डबा. बाटली आधीच पिवळी होऊन गावात फिरत होती, आणि मला पत्ता नव्हता.

शशी डबा घेऊन आला. त्याचे हात इतके सावकाश चालत होते की डबा पेलवत नाहीसा वाटावा. बाईंनी तो घेतला, झाकण काढलं आणि कोर्टात मांडावा तसा एकेक जिन्नस गाडीच्या बॉनेटवर मांडला. बाटली. झाकण. डबा.

"हा झाकणावरचा अंगठा कुणाचा?"

"माझाच. सांगली जिल्ह्यात कुणालाही विचारा."

"अंगठा आणि बाटली एक रंग." बाईंनी दोन्ही शेजारी धरलं. मग काडी डब्यात बुडवून वर काढली. "आतला रंग वेगळा. आतला आणि बंपरचा एक. म्हणजे तुम्ही अंगठा उठवलात त्याच्यानंतर हा डबा कुणीतरी उघडला. कुणी?"

मेस्त्री हातोड्याच्या दांड्याकडे बघत होते, जणू तो कुणी नवीनच दिला आहे. शशीला घाम फुटला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. त्या नजरेत एवढंच होतं की तू बोलू नकोस, मीही बोलत नाही, आपोआप काहीतरी होईल. त्याच्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी आपोआप होत आल्या होत्या.

"मी उघडला," मी म्हटलं.

दादा माझ्याकडे वळले. थेट.

"मी काय सांगितलं होतं?"

"कपाटाला हात लावायचा नाही."

"मग?"

"लावला."

"लावला!" ते बाईंकडे वळले. त्यांचा आवाज चढला, रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. "ऐकलंत? घरातच चोर! मी काढलेला रंग, माझा अंगठा पडलेला रंग, आणि ही त्यात हळदीचे हात घालते. म्हणून हेडमास्तर परत आले, म्हणून टॅक्सीवाला आला. चाळीस वर्षांचं नाव माझं हिनं पिवळं करून टाकलं! शशी, हिला घरी सोडून ये. आत्ता. परत ही पायरी हिच्या पायाला लागता कामा नये."

शशी हलला नाही. पण तो 'नाही' म्हणालाही नाही.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. "तुमचं काहीतरी चुकतंय. ह्यांनी हात लावला तो बंपर. बंपर बरोबर आहे. तुमचा अंगठा पिवळा आहे."

"बंपर?"

"बंपर."

दादा गाडीला वळसा घालून मागे गेले. खाली बसले. गुडघे वाजले त्यांचे. बंपरजवळ तोंड नेऊन समोरून पाहिलं, मग तिरकं होऊन पाहिलं, आयुष्यभर पाहिलं तसं. मग उठून दाराशी आले. ठिपक्यांकडे पाहिलं, समोरून, तिरकं. परत बंपर. परत दार. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आणि मग त्यांनी विचारलं. ओरडून नाही, नेहमीच्या कामाच्या आवाजात विचारलं.

"ह्यातला पिवळा कुठला?"

समोरच्या रस्त्यानं एक ट्रक गेला. तो पुरता जाईपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

"दादा," शशी म्हणाला, "ती ट्यूब…"

आम्ही एप्रिलच्या रणरणत्या उन्हात उभे होतो. डोक्यावर आभाळाखेरीज काही नव्हतं. शशीच्याही ते लक्षात आलं आणि त्याने तोंड मिटलं.

"हणमंत, तू सांग."

"मालक, मी ठोकाठोकीचा माणूस. मला काय कळतंय रंगातलं?"

"बावीस वर्षं माझ्या दुकानात आहेस."

"व्हय. पण ठोकतोयच की मी."

दादा माझ्याकडे बघायला लागले. मी वाट बघत होते शिवीची. शिवीला मला उत्तर होतं. कित्येक दिवस मी ते न्हाणीत, त्या दुसऱ्या ट्यूबच्या उजेडात पाठ केलं होतं. पण त्यांनी विचारलं, "किती टाकलंस?"

"निळ्याचे चार. जांभळ्याचा एक. रुपेरी चिमूटभर."

"चार?"

"चार."

"म्हणजे पिवळं माझं…" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलले. कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम मोजतो तसं. "अर्धा चमचा जादा."

"हो."

"हेडमास्तरच्या वेळी?"

"तेव्हा मी उघडला नव्हता डबा. टॅक्सीच्या वेळीही नाही. त्यानंतर उघडायला लागले."

"त्यानंतर किती?"

"सगळे."

हे बोलल्यावर मला वाटलं, आता हा म्हातारा माझ्या थोबाडीत मारेल. मारलीही असती कदाचित, वकीलबाई नसत्या तर. दादांच्या मानेची शीर ताठ झाली होती. बॉनेटवरचं झाकण त्यांनी उचललं, स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि झाकण फेकलं. ते घरंगळत मेस्त्रींच्या पायापर्यंत गेलं आणि तिथं गोल गोल फिरत राहिलं. कुणी उचललं नाही.

मग ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. शशी मला हळूच म्हणाला, "तू जा घरी. मी बघतो नंतर." मी म्हटलं, "तू काय बघणार आहेस?" लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्याला मी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. दोघांच्याही ते नंतर लक्षात आलं.

दादा बाहेर आले ते एक कोरं झाकण, एक रिकामी बाटली आणि माझी वही घेऊन. वही मी चिठ्ठ्यांच्या खोक्याच्या तळाला ठेवत असे, वर्तमानपत्राखाली. त्यांनी ती शोधली नाही. ती कुठं असते ते त्यांना ठाऊक होतं.

वही माझ्या हातावर आपटली. "शिळ्या भाताचा पांढरा. ही काय नावं झाली? अडाण्याचा बाजार." मग झाकण पुढं केलं. "अंगठा."

मला कळलं नाही.

"बुडव डब्यात. आणि उठव ह्याच्यावर. उद्यापासनं पिवळं निघालं तर शिव्या तुला बसू देत. माझं नाव घालवलंस, आता स्वतःचं घालव."

मी हात पुढं केला. साबणानं तीनदा धुतलेला होता तो, तरी मी पदराला पुसला. रंग गार होता. झाकणावर अंगठा दाबला तेव्हा तो दादांच्यापेक्षा बराच लहान उठला.

वकीलबाई एवढा वेळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे तुमचं घरातलं झालं. माझ्या ठिपक्यांचं काय? परत बाटली देणार असाल तर ह्या वेळी मला खात्री पाहिजे. भरणार कोण? तुम्ही?"

"ही भरेल."

"आणि तुम्ही तपासणार ना?"

शशी पुढं झाला, म्हणाला, "दादा तपासतील की, बाई. त्यांच्यासारखी नजर…"

"गप बस रे," दादा म्हणाले. रिकामी बाटली त्यांनी माझ्या रंगानं भरलेल्या हातात कोंबली आणि बाईंकडे तोंड केलं, पण बघत होते ते त्यांच्या मागच्या रस्त्याकडे.

"मी काय तपासणार, बाई? दोन वर्षं हाताच्या सवयीवर काढली. मला रंग दिसत नाही."